जँगोमध्ये 50 पुस्तकांच्या यादीसाठी 101 क्वेरी का जातात?

जँगो या पायथॉनमधील वेब फ्रेमवर्कवर बनवलेल्या तुमच्या पानावर 50 पुस्तके आहेत, प्रत्येकाखाली लेखकाचे नाव व विषय दिसतात, आणि पानामागचे काम दाखवणारा डीबग टूलबार 101 क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या 101 मागण्या, दाखवतो. व्ह्यूमध्ये (पान तयार करणाऱ्या कोडमध्ये) एकच क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसकडून काय हवे याचे वर्णन, असताना उरलेल्या 100 कोठून येतात आणि कॅशिंगने (निकाल काही काळ साठवून ठेवल्याने) त्या थांबतील का, असे तुम्ही विचारले आहे. कॅशिंग तूर्त बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवेन. त्याने दुखणे झाकले जाते आणि कॅशची मुदत संपताच ते पुन्हा वर येते.

क्वेरीसेट लिहिल्याने डेटाबेसकडे काहीच जात नाही. टेम्प्लेटमधील, म्हणजे पानाच्या मांडणीच्या फाइलमधील, लूप सुरू झाला की पहिली क्वेरी जाते आणि 50 पुस्तके येतात; परंतु त्यांच्यासोबत लेखकाचा केवळ आयडी आलेला असतो. म्हणून लेखकाचे नाव मागताच प्रत्येक पुस्तकामागे एक आणि त्याच्या विषयांसाठी आणखी एक क्वेरी जाते. 50 पैकी 20 पुस्तके एकाच लेखकाची असली, तरी तो लेखक 20 वेळा आणला जातो, कारण आणलेला लेखक फक्त त्या त्या पुस्तकाच्या ऑब्जेक्टपुरता जपला जातो.

लेखक फॉरेन कीने (एका पुस्तकाला एकच लेखक, अशा दुव्याने) जोडलेला असल्यामुळे त्याच्यासाठी सिलेक्ट_रिलेटेड (select_related) वापरा. मग जॉइन होऊन, म्हणजे दोन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडले जाऊन, लेखक पुस्तकांबरोबरच येतील. विषय मेनी-टू-मेनी नात्यातले आहेत, म्हणजे एका पुस्तकाला अनेक विषय आणि एका विषयाला अनेक पुस्तके असू शकतात. तेथे जॉइन केल्यास एकाच पुस्तकाच्या अनेक ओळी येतील, म्हणून प्रीफेच_रिलेटेड (prefetch_related) वापरा; तो सर्व पुस्तकांचे विषय दुसऱ्या एकाच क्वेरीने आणतो आणि त्यांची जुळणी पायथॉनमध्ये करतो. 101 च्या जागी 2 क्वेरी उरतात.

येथे एक खाच आहे आणि अनुभवी लोकही तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मॉडेलच्या (पुस्तकाचा तक्ता मांडणाऱ्या क्लासच्या) एखाद्या मेथडमध्ये पुस्तकाच्या विषयांवर फिल्टर किंवा क्रम लावणारा ऑर्डर_बाय (order_by) लावलेला असेल, तर आधी आणलेले विषय वापरलेच जात नाहीत. प्रत्येक पुस्तकामागे नवी क्वेरी जाते आणि प्रीफेचची क्वेरीही वाया जाते. अशा वेळी प्रीफेच_रिलेटेडमध्ये प्रीफेच ऑब्जेक्ट (Prefetch) वापरून त्याला गाळलेला क्वेरीसेट द्यावा, टू_अ‍ॅट्रने (to_attr) निकालाला वेगळे नाव द्यावे आणि मेथडमध्ये तीच यादी वाचावी. विषयांची फक्त संख्या दाखवायची असेल, तर ते आणूच नका. अ‍ॅनोटेट (annotate) आणि काउंट (Count) यांनी ती मुख्य क्वेरीतच मिळते.

ठरावीक स्तंभच आणणारा ओन्ली (only) वापरून स्तंभ कमी करण्याचा मोह मात्र जपून आवरा. वगळलेला स्तंभ टेम्प्लेटने कोठेही वाचला, तर तो प्रत्येक ऑब्जेक्टसाठी वेगळ्या क्वेरीने आणला जातो आणि सुटलेला प्रश्न नव्या वाटेने परत येतो.

हे सर्व केल्यावर क्वेरींची संख्या तपासणारे असर्ट_नम_क्वेरीज (assertNumQueries) वापरून या पानाची टेस्ट अवश्य लिहा, कारण उद्या कोणीतरी टेम्प्लेटमध्ये प्रकाशकाचे नाव वाढवेल आणि त्या एका ओळीने 50 क्वेरी पुन्हा सुरू होतील. ती टेस्ट 3 पुस्तकांवर आणि 10 पुस्तकांवर, अशी दोनदा चालवा व दोन्हीकडे आकडा 2 च अपेक्षित ठेवा. एकाच पुस्तकावर टेस्ट लिहिली, तर 3 हा आकडा निरुपद्रवी वाटतो आणि कोणीही तो तसाच मान्य करून पुढे जातो.