खिशातला चाकू: कामापुरता ठीक, भांडणात नको

सिंहगड-राजगडला जाताना सॅकमध्ये तीन इंची घडीचा चाकू असतो. सोमवारी तीच सॅक ऑफिसला जाते. पोलिसांनी तपासली तर? – कोथरूड

शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. इथवर वाचून लोक निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात सुरीच काय, काठीसुद्धा येते आणि इंचांचा हिशेब कोणी करत नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा नाही. कोयत्याच्या गुन्ह्यांपासून पुण्यात नाकाबंदीत सॅक सहज उघडायला लावतात. संत्री, दोरी आणि टॉर्चच्या शेजारी पडलेला चाकू आणि रात्री कमरेला खोचलेला चाकू यांतला फरक हवालदारालाही कळतो. तरी पंचनामा झाला की खुलासा करत बसायचं ते तुम्हीच. रविवारी रात्री चाकू सॅकमधून काढून ठेवा. विसर्जन मिरवणुकीला तर तो बरोबर नकोच.

मुलगी हिंजवडीहून रात्री उशिरा सुटते. पर्समध्ये छोटा चाकू देऊ का? – पिंपळे सौदागर

नका देऊ, ताई. चाकू वापरायला समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, आणि तिला तर तिथून निसटायचंय. पर्सची चेन, मग चाकूची घडी, तेही घाबरलेल्या हातांनी. तेवढ्यात हात पिरगाळून तोच चाकू हिसकावला जातो. शिवाय साध्या घडीच्या चाकूला लॉक नसतं. भोसकायला गेलं की पातं मिटून स्वतःच्याच बोटांवर येतं.

पेपर स्प्रे द्या, पण पर्सच्या तळाशी नाही, हाताशी. त्यावरची मुदतीची तारीख बघा आणि एकदा गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून मारून पाहायला सांगा. शिटी आणि ११२ आहेतच. आणखी एक, जे कंपन्या आपणहून सांगत नाहीत: राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि घराच्या दारापर्यंत वाहन देणं मालकावर बंधनकारक आहे. एचआरला लेखी मेल करायला सांगा. माझ्या मते हा मेल कुठल्याही पात्यापेक्षा जास्त कामाचा.

स्वसंरक्षणात वार केला तर गुन्हा होतो का? – हडपसर

भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढाच. पळणाऱ्याच्या पाठीत वार केला तर हा बचाव टिकणं अवघड. आणि ‘चाकू बरोबर का ठेवला होता?’ हा सरकारी वकिलांचा पहिला प्रश्न असतो. ‘मारामारीसाठी’ हे उत्तर जवळपास कबुलीजबाबच.

कोणता घ्यावा? धार कुठे लावावी? – सदाशिव पेठ

बोहरी आळीत फिरा. स्टेनलेस पातं, अडीच-तीन इंच, साधी घडी. बटणाचा चाकू घेऊ नका, फळं कापायला बटण लागत नाही. धारेला घरी बारीक दगड पुरतो. बोथट पातं जोर लावल्यावर सटकतं, म्हणून तेच जास्त कापतं.

मेट्रो आणि विमानात? – वनाज

मेट्रोच्या तपासणीत अडवतील, घरीच ठेवा. लोहगावला हँडबॅगेत चालत नाही. चेक-इन बॅगेत, पातं गुंडाळून.