क्वेरी लेटर पाठवायच्या आधी हे वाच

हाय,

तुझ्या क्वेरी लेटरचा, म्हणजे एजंटला पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या पत्राचा ड्राफ्ट नीट निवांत वाचायचा होता म्हणून उत्तराला उशीर झाला. कादंबरी पूर्ण झालीये हे वाचून खूप आनंद झाला गं, कारण नॉनफिक्शनचं काम प्रपोजलवर, म्हणजे पुस्तकाच्या आराखड्यावर भागतं, पण पहिली कादंबरी असेल तर अमेरिकन एजंटला, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणाऱ्याला, पूर्ण हस्तलिखित तयार हवंच असतं.

आता पत्राबद्दल. पहिला अख्खा पॅरेग्राफ तू स्वतःवर घातलायस, लहानपणापासूनची आवड, कॉलेजच्या अंकातलं बक्षीस, सरांनी दिलेलं प्रोत्साहन. आपल्याकडे अशीच ओळख करून देतात, आणि मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, मध्ये एजंट नसतोच, त्यामुळे हे पत्र कसं लिहायचं ते आपल्याला कोणी शिकवलेलंही नसतं. पण समोरची व्यक्ती काय शोधतेय ते बघ. एजंटची कमाई म्हणजे कमिशन, पुस्तक विकलं गेलं तर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुतेक ठिकाणी २०. विकलं नाही तर काहीच नाही. दिवस जातो आधीच्या लेखकांच्या कामात, काँट्रॅक्ट, एडिटरशी बोलणं, आणि नवीन क्वेरी वाचल्या जातात संध्याकाळी नाहीतर वीकेंडला, कितीतरी ठिकाणी तर आधी असिस्टंट किंवा इंटर्नच वाचतात. मी एजन्सीसाठी रीडर म्हणून इनबॉक्स वाचायचे तेव्हा डोक्यात एकच प्रश्न असायचा, हे विकता येईल का, आणि कोणत्या एडिटरला. लेखिका गुणी आहे की नाही ते पानांवरून कळतं. पत्राने फक्त त्या पानांपर्यंत न्यायचं असतं.

म्हणून नजर सगळ्यात आधी जाते ती प्रकार आणि शब्दसंख्येवर. तू १,६८,००० लिहिलेत. मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० मध्ये बसते, फँटसी असेल तर १,२०,००० पर्यंत चालून जातं. एवढा मोठा आकडा दिसला की वाचणाऱ्याला वाटतं हिने अजून काटछाट केलेली नाहीये, आणि जाड पुस्तक छापायला महाग पडतं ते वेगळंच. आकडा लपवू नकोस, पुस्तक कमी कर. तुझ्या मधल्या भागातली लग्नाची प्रकरणं निम्मी झाली तरी कादंबरीचं काही बिघडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंयस की ही कादंबरी म्हणजे 'स्वप्नं, नाती आणि आत्मशोधाचा एक हृदयस्पर्शी प्रवास' आहे. हे वाक्य दुसऱ्या हजार कादंबऱ्यांना लावलं तरी चालेल, म्हणून वाचणाऱ्याच्या हाताला त्यातून काहीच लागत नाही. आणि तुझ्या पहिल्या साठ पानांत काय आहे बघ. एकोणीस वर्षांची सुमन इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागते, तिचे वडील तिथेच रात्रपाळीला आगीत गेलेत, आणि एक दिवस त्या रात्रीचं हजेरीबुक तिच्या हाती लागतं तर त्यात वडिलांचं नावच नाही. ते पान लिहिणारे दिवाणजी तिचे होणारे सासरे आहेत. पान बाहेर काढलं तर लग्न मोडतं, लपवलं तर आईला भरपाई मिळत नाही. अगं हे सगळं तुझ्याकडे आहे आणि पत्रात यातला एक शब्द नाही! कोण आहे, तिला काय हवंय, आडवं काय येतंय, चुकलं तर काय जाणार, एवढं दीडशे-दोनशे शब्दांत सांग आणि तिथेच थांब. शेवट सांगायचा नाही, तो सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अख्ख्या कथेच्या सारांशात जातो, तिथे मात्र लपवायचा नाही. सुरुवातीचा तो 'तुम्ही कधी विचार केलाय का' वाला प्रश्न आधी काढ, तसे प्रश्न इनबॉक्समध्ये रोज येतात आणि वाचणारा मनात 'नाही' म्हणून पुढे जातो.

स्वतःबद्दल एक-दोन वाक्यं पुरे. तुझं लहानपण त्या मागांच्या खडखडाटात गेलंय, हे लिही ना! बक्षिसापेक्षा ते कितीतरी जास्त कामाचं आहे, कारण ही गोष्ट तूच का सांगतेयस ते त्यातून कळतं.

तुलनेची पुस्तकं, ज्यांना ते कॉम्प्स म्हणतात, तू दोन्ही जगप्रसिद्ध क्लासिक दिलीस. त्यातून एजंटला काही कळत नाही, तिला आजचा वाचक कोण आणि दुकानात हे पुस्तक कशाशेजारी ठेवणार ते हवंय. गेल्या तीन ते पाच वर्षांतली दोन घे, खरोखर वाचलेली.

सगळं पत्र तीनशे शब्दांच्या आसपास, अटॅचमेंट नको, बरेच जण ती उघडतच नाहीत, पहिली पाच-दहा पानं मेलमध्येच खाली पेस्ट करायची किंवा क्वेरीमॅनेजरचा (क्वेरी पाठवायची ऑनलाइन सोय) फॉर्म असेल तर तो भरायचा. प्रत्येकाच्या साइटवर नियम वेगळे असतात, ते तंतोतंत पाळ. ब्रिटनमध्ये सहसा छोटं कव्हर लेटर, सिनॉप्सिस आणि पहिली तीन प्रकरणं मागतात.

एकदम पन्नास जणांना पाठवू नकोस. आठ-दहा जणांना पाठव आणि थांब, एकाच एजन्सीतल्या दोघांना एका वेळी तर नकोच. कोणीच पुढची पानं मागितली नाहीत तर पत्रात नाहीतर सुरुवातीच्या पानांत गडबड आहे, ती दुरुस्त करून पुढचे आठ-दहा. पूर्ण हस्तलिखित मागवून मग नकार येत असतील तर पत्र ठीक आहे, पुस्तकाकडे परत जायचं. छापील साच्यातल्या नकारात अर्थ शोधत बसू नकोस, ते दोन ओळींचं उत्तर सगळ्यांना सारखंच जातं, आणि कित्येक ठिकाणी तर उत्तर न येणं हाच नकार असतो.

आणि कोणी वाचायची फी मागितली, किंवा तू पाठवलेलंच नसताना तुझ्या पुस्तकाचं कौतुक करणारा मेल आला, तर उत्तर देऊ नकोस. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्सच्या सभासदांना वाचनाची फी घ्यायला बंदी आहे. नाव शंकास्पद वाटलं तर 'रायटर बिवेअर'वर शोध, ते लोक १९९८ पासून अशा फसवणुकीवर लिहितायत.

पिचचा, म्हणजे सुमनची गोष्ट सांगणारा पॅरेग्राफ नव्याने लिहून तेवढाच आधी पाठव, बाकीचं राहू दे. एजंटांची यादी केलीस की तीही पाठव, कुणाला पहिल्या खेपेत घ्यायचं ते मी बघून सांगते.

तुझी ताई