तरोटा, कुंजरू, घोळ या भाज्यांनी खरंच रक्त वाढतं का?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात वावरात आपोआप उगवणाऱ्या तरोटा, कुंजरू, घोळ या भाज्यांत खरंच काही दम आहे, की आजी सांगते म्हणून खायच्या. शिवाय रक्त वाढतं का, शुगर उतरते का, हेही विचारलंय.

दम आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बायांना हिरवी भाजी खा म्हटलं की त्या पालकाचा भाव सांगतात, आणि दारातल्या शेवग्याचा पालाही अशीच फुकटची भाजी असताना, तो शेंगा तोडण्यापुरताच असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांत १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, पालकात ८० च्या आसपास. लोहही पालकापेक्षा जास्त. बाजारात त्याच पाल्याची पावडर डबीत भरून महाग विकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण रक्ताचं नीट समजून घ्या. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. गरोदरपणात सरकारी गोळीतून रोज ६० मिलिग्रॅम मिळतं. तेवढं पाल्यातून घ्यायचं तर दिवसाला किलोच्या वर पाला खावा लागेल, शिवाय पाल्यातलं लोह अंगी लागतं कमीच. म्हणून हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या बाईने भाजीच्या भरवशावर गोळी सोडू नये. शुगरचंही तेच. भाजीतला चोथा चांगला, पण ती औषधाच्या जागी नाही.

भाजीचा गुण ती कशी खाता त्यावर ठरतो. ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको, तासाभराने घ्या. आमच्याकडे हीच सवय सगळ्यात जड जाते. फोडणीत तेल थोडं तरी हवंच, कारण पानातलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय नीट लागत नाही. तरोट्याची भाजी आम्ही भिजवलेली चण्याची डाळ, ठेचलेला लसूण आणि लाल मिरची घालून करतो, सोबत ज्वारीची भाकर. फुलं यायच्या आधीचे कोवळे शेंडेच खुडायचे. पोट साफ होतं, पण पहिल्यांदा खाताय तर वाटीभरच खा.

घोळीत जवसातलं ओमेगा-३ असतं हे खरं आहे. मात्र प्रमाण थोडं, त्यासाठी जवसाची चटणीच बरी. घोळीत ऑक्झलेटही बरंच असतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी ती टाळावी, बाकीच्यांनी उकळून पाणी फेकून करावी. कुंजरू आम्ही न उकळता, धुऊन सरळ कढईत टाकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हिरवी पालेभाजी एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं करू नका, डॉक्टरांना विचारून प्रमाण सारखं ठेवा.

भाजी कुठून आणता तेही बघा. निंदायला बाया मिळत नाहीत म्हणून कपाशीत, सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात. फवारलेल्या वावरातली आणि त्याच्या धुऱ्यावरची भाजी हिरवीगार दिसली तरी आणू नका. आमच्या शिवारात कुंजरू आता हुडकावा लागतो. पूर्वी निंदून घरी परतणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओटीत तो असायचा.

आणि ओळख पक्की असू द्या. सासूबाईंनी मला धुऱ्यावर बसवून तरोटा दाखवला होता: एका देठावर पानांच्या तीनच जोड्या, टोकाला गोलसर, दिवस मावळला की मिटणाऱ्या. त्याच्याच शेजारी कासविंदा उगवतो. त्याची पानं टोकदार, जोड्या चार-पाच. कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याचं पश्चिम उत्तर प्रदेशात नोंदवलं गेलंय. म्हणून लेकरांना एकट्याने तरोटा खुडायला पाठवू नका, पहिल्या एक-दोन वेळा जाणत्या बाईला सोबत घ्या.