सोसायटीला ‘वीज 30 टक्के वाचवतं’ म्हणून एक यंत्र विकायला आलेत. वीज कंपन्या अशा गोष्टी तपासतात तरी कशा?

तुम्ही लिहिलंय की विक्रेत्यानं पंपाच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून अँपिअर कमी झालेले सगळ्यांसमोर दाखवले आणि त्यावर निम्मी कमिटी चेक द्यायला तयार झाली. एनर्जी ऑडिटच्या कामात मी हा खेळ बऱ्याचदा पाहिलाय. त्यात गंमत अशी की क्लॅम्प मीटर खोटं बोलत नाही. अँपिअर खरोखरच कमी होतात.

त्या डब्यात बहुतेक वेळा एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, असतो. मोटरला चुंबकत्वासाठी लागणारा करंट नुसता येतो-जातो, काम करत नाही. तो करंट डब्यातून मिळू लागला की वायरीतला करंट उतरतो. पण सोसायटीच्या पंपाच्या साध्या मीटरवर युनिट पडतात ती खऱ्या कामाची, किलोवॅट-अवरची. एका सोसायटीत 1 एचपीच्या पंपावर डब्याशिवाय 6 अँपिअर दिसले, डबा लावल्यावर 4.4. कमिटी खूश. मग मी मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. त्या मीटरवर एका युनिटला 3200 इम्पल्स असं छापलेलं होतं. मोबाइलवर वेळ लावून सेक्रेटरींनाच मोजायला सांगितलं. डब्याशिवाय मिनिटाला 53, डब्यासकट 53. पुन्हा मोजलं, 52. विक्रेता म्हणाला, “साहेब, फरक दोन महिन्यांनी दिसतो.”

(मोठ्या कारखान्यांना केव्हीएएचवर, म्हणजे हा नुसता येणारा-जाणारा करंटही धरून, बिल येतं, तिथे कपॅसिटरचा फायदा खरा असतो. पण ते त्यासाठी पॅनल बसवून घेतात, असला डबा नाही.)

हे ‘दोन महिन्यांनी’ प्रकरण मात्र विचार करण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये डबा लावला की जुलैत बिल उतरणारच, कारण पंखे-एसी कमी चालतात. मीटर वापर मोजतो, बचत मोजत नाही. बचत म्हणजे ‘एरवी वापरली असती ती वीज’ वजा ‘वापरली ती वीज’, आणि यातला पहिला आकडा कुठल्याच मीटरवर उमटत नाही. वीज कंपन्यांची सगळी डोकेफोड तो आकडा शोधण्यासाठी चालते. प्रयोगशाळेतली चाचणी त्या मानानं सोपी. बंद खोलीत एसी ठेवायचा, तापमान धरून ठेवायचं, वॅट मोजायचे. माणसं राहतात त्या घरात हे यंत्र गेलं की गणित बिघडतं.

याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हूड रिव्हर भागाचं. 1980च्या दशकात बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही सरकारी वीज संस्था आणि पॅसिफिक पॉवर ही वीज कंपनी यांनी विजेवर घर तापवणाऱ्या सुमारे 3,000 घरांना फुकट इन्सुलेशन (घरातली उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर) करून दिलं. शंभर टक्के खर्च दिला तर बचत किती होते, हे त्यांना बघायचं होतं. प्रत्यक्षात ती आधी घरं तपासून काढलेल्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी भरली. इन्सुलेशन नीट बसलं होतं. पण मधल्या काळात विजेचे दर वाढले होते आणि लोकांनी आधीच हीटर कमी करून लाकूडफाटा जाळायला सुरुवात केली होती. जी वीज वापरलीच जात नव्हती ती वाचणार कुठून? हे कळलं कसं, तर त्यांनी तीनशेच्या आसपास घरांत वेगळे मीटर बसवले होते, आणि लाकडाच्या शेगडीची उष्णता टिपायलाही सेन्सर लावला होता. शेगडीला सेन्सर लावायचं ज्याला सुचलं, त्याला मी मनातल्या मनात नेहमी नमस्कार करतो.

डिमांड रिस्पॉन्सची चाचणी याहून अवघड, कारण तिथे महिन्याची नव्हे, तास-दोन तासांची बचत मोजायची असते. मागणी चढली की कंपनी इशारा पाठवते आणि यंत्र थोडा वेळ थांबतं. बॉनव्हिलनंच इतर वीज कंपन्यांबरोबर केलेल्या एका चाचणीचा अहवाल 2018 मध्ये आला. ओरेगन आणि वॉशिंग्टनमधल्या घरांतले 277 वॉटर हीटर घेतले होते. हे आपल्या बंबाचे मोठे भाऊ, दीड-दोनशे लिटर पाणी गरम करून साठवणारे, त्यामुळे घटकाभर वीज तोडली तरी आंघोळ अडत नाही. 220 दिवसांत त्यांना सुमारे 600 वेळा इशारे दिले. एवढ्या वेळा का, तर दोन-चारदा करून जमलं आणि माणसं कंटाळली तर काय उपयोग.

आणि ‘एरवी’चा आकडा हातानं फुगवताही येतो. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, एक रीत आहे, ‘एरवी’चा आकडा म्हणून मागच्या दहा कामाच्या दिवसांच्या वापराची सरासरी धरायची. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातही अशाच आधारावर वापर कमी केल्याचे पैसे मिळायचे. 2007 मध्ये तिथल्याच मेन राज्यातल्या रमफर्ड गावच्या कागद गिरणीनं हा आधार ठरण्याच्या दिवसांत स्वतःचा जनरेटर कमी चालवून ग्रिडची वीज जास्त घेतली, असा नियामकांचा आरोप होता. नंतर जनरेटर नेहमीसारखा चालवला की ‘बचत’ तयार! 2013 च्या तडजोडीत 1 कोटी डॉलर दंड ठरला.

तुमच्या कमिटीला एवढं काही नको. यंत्र आठ आठवडे उधार मागा. एक आठवडा चालू, एक बंद. पंप किती तास चालला आणि मीटरचं रीडिंग रोज वहीत लिहा, टँकर आला तर तेही लिहा. कुठला आठवडा चालूचा हे विक्रेत्याला सांगू नका. युनिट भागिले तास काढलं की झालं.

आणि तोवर टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की पंप बंद करणारा, चालतो का बघा. वर सांगितलेल्या सोसायटीत तो केव्हाच गेला होता. गच्चीवरून पाणी सांडल्याचा आवाज आला की वॉचमन पंप बंद करायला उठायचा.