चार वर्षांची गॅप आणि जर्मनीतला रेझ्युमे

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे. तुम्ही नाशिकला सातपूरच्या कारखान्यात सात वर्षं क्वालिटीत होतात, मग मुलासाठी चार वर्षं घरी. मुलगा आठ वर्षांचा. तिकडे गाड्यांच्या धंद्यात मंदी आहे म्हणतात, तर ही गॅप रेझ्युमेमध्ये कशी दाखवू, असं विचारलंत. वाचलं आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. २०१८ मध्ये मी चिंचवडहून इथे आले तेव्हा माझी मुलगीही आठ वर्षांची होती आणि गॅपही चारच वर्षांची.

व्हिसाचं, ब्लू कार्डाचं सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही.

गॅप लपवू नका. मी लपवली होती. महिने गाळून नुसती सालं टाकली, म्हणजे डोळ्यात भरणार नाही असं वाटलं. इथे रेझ्युमे म्हणजे तक्ता असतो, डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे काम, आणि वाचणारा आधी डावीकडचा रकाना वाचतो. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी पेन्सिलीचं टोक दोन ओळींच्या मधे ठेवलं आणि विचारलं, "इथे काय?" मी काहीतरी अडखळत बोलले. मूल वाढवलं हे सांगायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेचीच आज जास्त लाज वाटते. नंतर एक ओळ टाकली: ऑगस्ट २०१४ ते मे २०१८, मुलीचं संगोपन. परत कोणी अडवलं नाही. इथे कायद्यानेच प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत पालक-रजा मिळते, त्यामुळे त्यांना त्यात वावगं काही दिसत नाही.

आता एक काम नाशिक सोडायच्या आधी कराच. आपल्याकडचं एक्सपिरिअन्स लेटर म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होत्या, पुढील वाटचालीस शुभेच्छा, खाली शिक्का. इथे त्याजागी 'आर्बाइट्सत्सॉयग्निस' असतं. काय काम केलं, कसं केलं, सगळं त्यात येतं, आणि त्याची भाषा ठरलेली असते. 'सदैव पूर्ण समाधान होईल असं काम केलं' म्हणजे चांगले मार्क. नुसतं 'समाधान होईल असं' म्हणजे बेताचे. 'प्रयत्न केले' म्हणजे नापास. आपलं दोन ओळींचं पत्र वाचून त्यांना वाटतं, हिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. जुन्या साहेबांना भेटा, मसुदा तुम्हीच लिहून न्या आणि लेटरहेडवर सही घ्या. मला हे दीड वर्षाने कळलं, तोवर माझे साहेब रिटायर झाले होते.

कागदांनी मला फार छळलं. माझ्या डिग्रीवर 'पुणे विद्यापीठ', आणि २०१४ मध्ये नाव झालं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. एका कार्यालयातल्या बाई जुन्या आणि नव्या नावाचे दोन कागद शेजारी ठेवून म्हणाल्या, ही दोन विद्यापीठं आहेत. त्यात मार्कशीटवर आडनाव आधी, तेही माहेरचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं. मी कोण हेच सिद्ध करण्यात तीन महिने गेले. आणि ६८ टक्के! आपल्याकडे ६६ ला डिस्टिंक्शन मिळतं, त्याचे घरी पेढे वाटले होते. इथल्या सूत्राने तेच २.६ होतात, म्हणजे मध्यम, कारण इथे १ सर्वात उत्तम आणि ४ काठावर पास. रेझ्युमेमध्ये टक्क्यांशेजारी 'फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन' अक्षरात लिहा.

कामाच्या ओळी ठोस हव्यात. 'क्वालिटीची जबाबदारी सांभाळली' याला अर्थ नाही. मी शेवटी लिहिलं की अमुक हाउसिंगच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १ वर आणलं, ८डी (दोषाचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत) स्वतः केला, भाग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरची पिन झिजत होती. पुढच्या मुलाखतीत अर्धा तास त्या पिनवरच बोलणं झालं. पीपॅप, म्हणजे नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घ्यायचं काम, केलं असेल तर शेजारी व्हीडीएचं (जर्मन वाहन उद्योगाची संघटना) तसंच पीपीएफ तुम्हाला कळतं का तेही लिहा, आणि व्हीडीए ६.३ चं, म्हणजे प्रक्रियेचं, ऑडिट पाहिलं असेल तर तेही. जर्मनचा स्तर खरा आहे तोच लिहा.

मंदी खरी आहे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एकट्या झेडएफ कंपनीनेच २०२४ मध्ये जर्मनीतल्या १४,००० पर्यंत नोकऱ्या २०२८ अखेर कमी करायचं जाहीर केलं. म्हणून फक्त गाड्यांकडे बघू नका. दक्षिणेला टुटलिंगन आहे, शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जगभर नाव असलेलं गाव. मोजमाप, टॉलरन्स, ऑडिट तेच, फक्त आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या क्वालिटीचं मानक, शिकून घ्यावं लागतं. मी तिथेच लागले, ट्रेनने दीड तास जाते.

एकटेपणाचं विचारलंत. पहिल्या वर्षीचा डिसेंबर कठीण, साडेचारला अंधार पडतो. मग सवय होते. त्यावर फार विचार करू नका.

विचार मुलाच्या शाळेचा करा. इथे चौथीतच ठरतं की मूल गिम्नाझियमला (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार की रेआलशूलेला (दहावीपर्यंतची शाळा). फेब्रुवारी २०२० मध्ये मुलीच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. गणित उत्तम आहे, जर्मन कच्चं आहे, रेआलशूले बरी, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत होती, डोक्यात तीच. मी मान हलवली आणि शिफारशीच्या पत्रावर सही केली. त्या वर्षी इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ती शिफारस बंधनकारक नव्हती, शेवटचा शब्द आईवडिलांचा होता. मला माहीतच नव्हतं. ती मुलाखतही गेली. मुलगी आता दहावीत आहे, खुशीत आहे, पुढे गिम्नाझियमला जाताही येईल. पण ते पत्र माझ्या डिग्रीच्याच फाइलमध्ये आहे आणि डिग्री काढताना दर वेळी हाताला लागतं.

आता नियम बदललाय. शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास ४' ही चाचणी आणि पालकांची इच्छा, या तीनपैकी दोन गिम्नाझियमच्या बाजूने हव्यात. नाहीतर वेगळी परीक्षा. तुमचा मुलगा तिसरीत बसेल, म्हणजे हातात दीड वर्ष. त्याचं जर्मन नाशिकलाच सुरू करा, तुमच्या आधी त्याचं. त्या मीटिंगच्या आसपास मुलाखत आली तर मुलाखत पुढे ढकला.

साहेबांच्या पत्राचा मसुदा झाला की मला पाठवा. जर्मनमध्ये कुठला शब्द कसा वाचला जाईल ते मी बघून देते.