वाचकांचे प्रश्न : बेसबॉलचे मानकरी कसे निवडावेत?

प्रश्न : हंगाम संपला की महाविद्यालयातल्या चांगल्या बेसबॉलपटूंचा सत्कार करतो. पोरं म्हणतात, होमरन मारणाऱ्यालाच द्या. निवडीचा निकष काय ठेवावा? (क्रीडाशिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : होमरन (चेंडू कुंपणापार मारून घेतलेली पूर्ण फेरी) सगळ्यांच्या लक्षात राहतो, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) कोणाच्याच राहत नाही, म्हणून निर्णय स्कोअरशीटवरून करा. आधी मैदान मोजा. होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) कुंपण २५० फुटांपेक्षा जवळ असेल, तर त्यावरून गेलेला चेंडू नियमाप्रमाणे होमरन नसतो, दोन बेसचा फटका धरतात. शाळेच्या पटांगणावरचे निम्मे होमरन इथेच गळतात.

आता फलंदाज. वॉक आणि बळीचा फटका (स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा) अधिकृत फलंदाजीत मोजत नाहीत, हे विसरलं की सरासरी उगाच घसरते. एकाने २० पैकी ८ हिट (स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेस गाठणं) मारले आणि १ वॉक घेतला : सरासरी .४००. दुसऱ्याचे १८ पैकी ६, वॉक ६ : सरासरी .३३३. पण बेसवर पोचण्याचं प्रमाण पाहा. पहिल्याचं २१ पैकी ९, म्हणजे .४२९, दुसऱ्याचं २४ पैकी १२, म्हणजे .५००. आम्ही दुसऱ्याला देऊ.

मुरमाच्या मैदानावर खडा लागून चेंडू उसळला आणि साध्या प्रयत्नाने पकडणं शक्यच नव्हतं, तर तो हिट. क्षेत्ररक्षकाची चूक लिहू नका. चूक की हिट हे त्याच वेळी एकाच माणसाने ठरवायचं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून ठरवलं की ओळखीचा पोरगा जिंकतो.

पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्यासाठी) : त्याच्या खात्यावरचे रन × ९ ÷ इनिंग; आकडा जितका कमी तितका चांगला. चुकीमुळे गेलेले रन यात नाहीत. एका इनिंगमध्ये तीन आउट, म्हणून शीटवरचे १२.२ म्हणजे बारा इनिंग आणि दोन आउट, म्हणजे १२.६७. चार रन असतील तर उत्तर २.८४ येतं, कॅल्क्युलेटरवर १२.२ टाकलं की २.९५. चुरस असली तर एवढ्यात निकाल फिरतो.

दोन सामने खेळून .६०० काढणाऱ्याला रोखायला किमान अट हवी. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये संघाच्या दर सामन्यामागे फलंदाजाला ३.१ वेळा प्लेटवर यावं लागतं, पिचरला १ इनिंग टाकावी लागते. तुमचे ६ सामने झाले असतील तर १९ वेळा आणि ६ इनिंग धरा.

प्रश्न : पिचर आणि फलंदाज यांत एकच मानकरी कसा काढायचा? (वाचक, वरुड)

उत्तर : काढू नका, दोन सत्कार करा. अमेरिकेत १९७८ पासून गोल्डन स्पाइक्स आणि १९८७ पासून डिक हाउजर ट्रॉफी असे हौशी आणि महाविद्यालयीन बेसबॉलपटूंसाठी मोठे पुरस्कार आहेत. २०२३ मध्ये गोल्डन स्पाइक्स फलंदाज डिलन क्रूझला मिळाला, डिक हाउजर पिचर पॉल स्कीन्सला. दोघेही लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या एकाच संघातले. कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा) आणि शॉर्टस्टॉपचाही (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) विचार करा, त्यांचं काम सरासरीत दिसत नाही. विद्यापीठाचा कलर कोट (विद्यापीठ संघातून खेळल्याचा मानाचा कोट) मिळालाय म्हणून आपोआप मान देऊ नका. स्मृतिचिन्हावर नाव गुणपत्रिकेप्रमाणे घाला, खाली हंगाम, जागा आणि आकडा. नुसतं ‘उत्कृष्ट खेळाडू’ नोकरीच्या अर्जाला कामाचं नाही.