वाचकांचे प्रश्न: पाणी वाचवलं, मग ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) का बिघडला?

प्रश्न: आमच्या चिकन प्रक्रिया केंद्रात रोज 3000 पक्षी होतात. बोअरचं पाणी कमी पडू लागल्यावर वापर पक्ष्यामागे 22 लिटरवरून 15 लिटरवर आणला. त्याच महिन्यात लाईनचा वेगही ताशी 500 वरून 1000 पक्षी केला. आता ईटीपीत फेस येतो, वास मारतो, आत येणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) दुपटीच्या वर गेला आहे. पाणी पुन्हा वाढवावं का?

उत्तर: नको. पाणी ओतून आकडा खाली येईल, घाण तेवढीच राहील. घाण तीच आणि पाणी 66 घनमीटरवरून 45 वर आलं, तर सीओडी जवळपास दीडपट होणारच; ते बिघाडाचं लक्षण नव्हे. म्हणून घाणीचा रोजचा भार किलोत काढा: सीओडीचा आकडा (मिलिग्रॅम प्रतिलिटर) गुणिले रोजचे घनमीटर, भागिले 1000. तुमची वाढ दुपटीच्या वर आहे, म्हणजे जादा घाण कुठून तरी येते आहे. आमचा संशय रक्तावर.

शॅकलमधलं (साखळीवर पक्षी टांगायच्या आकड्यांमधलं) अंतर 15 सेंटिमीटर धरू. ताशी 500 पक्ष्यांना साखळी मिनिटाला सव्वा मीटर सरकते, 1000 ला अडीच मीटर. मान कापल्यावर रक्त नीट निथळायला दीड ते दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांसाठी पूर्वी साखळीखाली रक्त गोळा करणारी अडीच मीटर पन्हळ पुरत होती, आता पाच मीटर हवी. वेग वाढवला आणि पन्हळ तेवढीच ठेवली, तर उरलेलं रक्त फरशीवर आणि स्काल्डरच्या (पिसं सैल करायच्या गरम टाकीच्या) पाण्यात जातं. दोन किलोच्या पक्ष्याचं साधारण 70 मिलिलिटर रक्त निथळतं. 3000 पक्ष्यांचं 210 लिटर. रक्ताचा बीओडी (जंतूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, हेही घाणीचंच माप) लिटरला एक लाख मिलिग्रॅम इतका कमी धरला, तरी सगळं गटारात गेल्यास 21 किलो भार होतो. माणशी रोज 50 ग्रॅम बीओडी धरला, तर चारशे माणसांच्या वस्तीच्या सांडपाण्याइतका!

पन्हळ लांबवा, तिला रक्ताच्या टाकीकडे चांगला उतार द्या. रक्त काही मिनिटांत गोठतं, त्यामुळे पाळी संपताच ते वायपरने टाकीत ओढायचं, पाणी त्यानंतर. पन्हळीला दोन तोंडं ठेवा, एक टाकीकडे, एक ईटीपीकडे. काम चालू असताना ईटीपीचं तोंड बुचाने बंद. घोळ इथेच होतो: सकाळी बूच लावायचं राहून जातं. त्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या.

दुसरं कारणही तपासा. पूर्वी सहा तासांत येणारं पाणी आता तीन तासांत येतं. समतोल टाकी (ईटीपीआधी पाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी) पाळीचं पाणी साठवण्याइतकी मोठी हवी, आणि पुढचा पंप चोवीस तास ताशी सुमारे दोन घनमीटर असा एकसारखा चालवा. टाकी लहान असेल, तर वेग थोडा उतरवणं सगळ्यात स्वस्त.

प्रश्न: चिलरचं (मांस थंड करायच्या टाकीचं) ओसंडणारं पाणी स्काल्डरमध्ये वापरलं तर चालेल?

उत्तर: पाण्याने स्वच्छ टप्प्याकडून घाण टप्प्याकडे जावं, उलट कधीच नाही, एवढं पाळलं तर दिशा बरोबर आहे. पण हिशेब करा. चिलरचं पाणी 10 अंशांवर आणि बोअरचं 25 वर असेल, तर हजार लिटरमागे 15 अंश जादा तापवावे लागतील, म्हणजे सुमारे 17 युनिट वीज. त्यापेक्षा ते पिसं वाहून नेण्याच्या नाल्याला आणि क्रेटच्या पहिल्या धुण्याला द्या. क्रेटचं शेवटचं धुणं, निर्जंतुकीकरण आणि मांसाला लागणारं पाणी मात्र पिण्यायोग्यच हवं. पाईप वेगळ्या रंगाचे ठेवा, पिण्याच्या लाईनला जोडू नका.

प्रश्न: फरशी धुताना पाणी कसं कमी करावं?

उत्तर: आधी मोजा. 20 लिटरची बादली उघड्या होजने 30 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 40 लिटर. तासभर वाहता सोडला की 2400. तोंडाला ट्रिगर गन (दाबली तरच पाणी सोडणारी) बसवा. आतडी, चरबी, पिसं आधी फावड्याने आणि वायपरने गोळा करा. सुरुवातीलाच गरम पाणी मारू नका, रक्त फरशीला चिकटतं आणि चरबी वितळून गटारात उतरते. गटाराची जाळी तुंबली की कामगार ती सरळ उचलून ठेवतात. म्हणून एकाखाली एक अशा दोन जाळ्या बसवा, खालची कुलूपबंद.